ओलांडायची परवानगी

नैरोबी, कारियोबांगी
९ फेब्रुवारी १९८६

प्रिय ओमोलो,

आम्ही सुखरूप पोचल्याचं तुला उगुंजाच्या बसवाल्याकडून कळलं असेल. तरी ऐकीव खबर वेगळी आणि हातचं पत्र वेगळं, म्हणून लिहितो.

दोन खोल्या मिळाल्या आहेत, दुसऱ्या मजल्यावर. नळाला सकाळी पाणी येतं. आवुओर पहिले काही दिवस नळ बंद करायला घाबरत होती, पुन्हा आलं नाही तर म्हणून. खालच्या मजल्यावर एक गिकुयू जमातीची बाई राहते. आपली मुलं टाचा आपटत चालतात म्हणून ती झाडूच्या दांड्यानं छत ठोकते. ओपोन्डो त्यावर नाचतो. अकेयोला शाळेत सातवीत घेतलं. छोट्या अवीतीला अजून हे घर वाटत नाही, पण होईल सवय.

छापखान्यात मला खिळे जुळवणाऱ्यांचा मुकादम केलं आहे. माझी शाळा चौथीपर्यंत, हे तुला माहीत आहे. बाकी सगळं मी उलटी अक्षरं वाचत शिकलो. आता हाताखाली शिकलेली मुलं आहेत आणि स्वल्पविरामानंतर किती जागा सोडायची ते त्यांना मला दाखवावं लागतं. कुटुंब जवळ आणायला हीच वेळ योग्य होती.

आता घराचं. तू विचारायच्या आधी मीच लिहितो. ऑगस्टात मला रजा आहे. सगळ्यांना घेऊन येतो. बाबा पुढे, ओपोन्डोच्या हातात कोंबडा, माझ्या खांद्यावर कुऱ्हाड, आवुओरच्या हातात विस्तव, असे आम्ही बाबांच्या कुंपणातून बाहेर पडू आणि नव्या जागेवर सूर्य मावळायच्या आत घर उभं करू. मी बाहेर पडलो की तुझी वाट मोकळी. डिसेंबरात तू. धाकट्यानं थोरल्याला ओलांडून घर बांधायचं नसतं हे खरं, पण थोरल्यानं वाटेत बसून राहायचं नसतं हेही तितकंच खरं. हा माझा शब्द.

तुझा भाऊ,
ओलुओच

*

उगुंजा
२ मार्च १९८६

दादा,

पत्र मिळालं. अक्षर इतकं देखणं की शाळेच्या मास्तरांनी मुलांना दाखवायला मागितलं. मी दिलं नाही. घराबद्दलचा शब्द त्यात आहे ना, तो जपून ठेवला.

इथं सगळं ठीक. गेल्या आठवड्यात ओकेच काकांकडे मडक्याभोवती बसलो होतो. काकांनी बिअरची नळी तोंडातून काढली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, हा ओमोलो गावभर भिंती घालत हिंडतो आणि स्वतः चार पोरं घेऊन फाटकाजवळच्या पोरवयातल्या झोपडीत झोपतो. कुणी विचारलं तर सांगतो काय, भाऊ नैरोबीहून वाट घेऊन येतोय. सगळे हसले. मीही हसलो, दुसरं काय करणार. रात्री कूस बदलायची तर सहा जणांना मिळून बदलावी लागते, हे काकांना सांगितलं नाही. ते आणखी हसले असते.

एक विचारू? तू एकटा तिकडे होतास तोवर हे काम सोपं होतं. वहिनी इथं, मुलं इथं. तू कुठल्याही सणाला येऊन कुऱ्हाड उचलली असतीस तरी झालं असतं. आता एका घरासाठी पाच माणसं बसमध्ये घालावी लागणार. मुकादम झालास, फार चांगलं झालं. पण सगळ्यांना नेलंस तेव्हा माझी आठवण झाली होती का, एवढंच विचारतो. रागावू नकोस.

वासे तोडून ठेवलेत. तुझे वेगळे, माझे वेगळे. सरळ होते ते तुझ्या ढिगात घातले.

बाबांचे गुडघे यंदा बसले. तरी रोज फाटकापर्यंत चालतात आणि परततात. का विचारलं तर म्हणतात, सराव करतोय, दोघांना माझ्याच पायांनी बाहेर काढणार, मला खुर्चीत घालून पुढे नेलेलं चालणार नाही.

ऑगस्ट लांब नाही.

ओमोलो

*

नैरोबी
२० जुलै १९८६

प्रिय ओमोलो,

हे लिहिताना मला बरं वाटत नाही. रजा मिळत नाही. सरकारी कामाचं मोठं पुस्तक छापायला आलं आहे आणि मालकांनी मुकादमांच्या रजा डिसेंबरवर ढकलल्या. मी वाद घातला. नियम काढून दाखवला. मालक म्हणाले, नियम बरोबर आहे, पण पुस्तक थांबणार नाही.

तेव्हा माझं आणि तुझं, दोन्ही डिसेंबरात करू. आधी माझं, चार दिवसांनी तुझं. बाबांना नीट समजावून सांग. वाशांना वाळवी लागणार नाही असं बघ, खाली दगड लाव, जमिनीपासून हातभर वर.

ओपोन्डो शाळेत धावण्यात दुसरा आला. अवीती आता मला बघून आवुओरच्या मागे लपत नाही. संध्याकाळी जिन्यात माझा पाय वाजला की दार उघडते.

तुझा भाऊ,
ओलुओच

*

उगुंजा
११ जानेवारी १९८७

दादा,

डिसेंबर गेला. तुझी दोन ओळींची चिठ्ठी नाताळनंतर आली, की वहिनीला ताप आहे. आता बरी असेल अशी आशा.

तू येणार म्हणून बाबा रस्त्यावर जाऊन बसत होते. खुर्ची मी नेऊन ठेवायचो. बस थांबली की उठायचे, माणसं उतरून संपली की बसायचे. शेवटी मीच खुर्ची आणायचं बंद केलं.

दगड लावले होते. वाळवी वरून लागली.

अपियो माझ्याशी फार बोलत नाही. ती म्हणते, तुझ्या भावाची बायको शहरात नळ उघडते आणि मी सासऱ्याच्या फाटकात म्हातारी होते. मी सांगितलं वहिनीचा यात दोष नाही. ती म्हणाली, मी दोष कुणाचा ते म्हटलंच नाही.

ओमोलो

*

नैरोबी, कारियोबांगी
२२ फेब्रुवारी १९८७

भाऊजी आणि अपियो,

मी पत्रं लिहीत नाही, लिहिण्याचा मान अकेयोच्या बाबांकडे आहे. पण गोड बातमीला उशीर केला तर ती शिळी होते, म्हणून आज त्यांना न सांगताच लिहायला बसले.

तुमच्या नव्या घराबद्दल मनापासून आनंद झाला. मी आधी ऐकलं तेव्हा घाबरले, थोरल्याच्या आधी कसं, म्हणून. पण त्यांनी सांगितलं की बाबांनी स्वतः मोकळीक दिली, थोरला कामात अडकलाय, तो सवडीनं येईल, धाकट्याला खोळंबवायचं नाही असं म्हणाले. मग माझ्या मनावरचं ओझं उतरलं. नाहीतर मला रोज वाटायचं, आपण इथं नळाखाली भांडी धुतोय आणि तिकडे अपियो आपल्यासाठी अडून बसली आहे. अपियो, खरं सांगते, तसं असतं तर मी पहिल्या बसनं आले असते.

दाराला निळा रंग दिलात म्हणे आणि दार नदीकडे. त्यांनी सगळं बारकाईनं सांगितलं, छप्पर कुठल्या गवताचं तेसुद्धा. ऐकून अवीती रोज विचारते, काकाच्या घरी कधी जायचं. एप्रिलच्या सुट्टीत बघू.

बाबांना माझा नमस्कार. त्यांचे पाय कसे आहेत? घर बाहेर काढताना फार चालावं लागलं असेल.

आवुओर

*

उगुंजा
८ मार्च १९८७

दादा,

वहिनीचं पत्र आलं. माझ्या घराबद्दल अभिनंदन केलंय.

घर छान आहे म्हणे. निळं दार मी कधीच लावलं नसतं, निळ्या रंगावर धूळ दिसते. आणि नदीकडे दार केलं तर पावसाचा मारा थेट चुलीवर येतो, हे तुला कळायला हवं होतं. पुढच्या वेळी माझं घर बांधशील तेव्हा मला विचार. मी गवंडी आहे.

पत्र मास्तरांनी वाचून दाखवलं, कारण त्या दिवशी माझे हात चिखलात होते. अपियो शेजारी बसली होती. मास्तर मध्येच थांबले. ती म्हणाली, वाचा, माझ्या घराचं आहे, मला ऐकू दे.

बाबांना अजून सांगितलेलं नाही. त्यांनी मोकळीक दिली हे त्यांना अजून ठाऊक नाही.

वहिनीला काय उत्तर देऊ ते तूच सांग. उत्तर तर द्यावं लागेल.

ओमोलो

*

नैरोबी
१५ मार्च १९८७

ओमोलो,

तुझं पत्र मी छापखान्यात, कागदाच्या खोलीत दार लावून वाचलं. तू लिहिलंस त्यातलं एकही वाक्य मला खोडता येत नाही.

खरं कारण सांगतो. पुस्तक खरं होतं, पण ऑगस्टात आठवडाभर रजा मिळत होती. मी घेतली नाही. ताप खरा होता, पण तो अवीतीला आला होता आणि नाताळच्या आधी उतरला होता.

घर बाहेर काढलं की नव्या घरची चूल थंड ठेवायची नाही. बाईनं निदान एक पीक निघेपर्यंत तिथं राहायचं. आवुओर मागे राहणार, म्हणजे मुलं मागे राहणार. तू म्हणशील, एवढंच ना. हो, एवढंच. पण मी बारा वर्षं या शहरात एकटा एका खोलीत राहिलो. ओपोन्डोच्या पाठचा मुलगा गेला तेव्हा मी पोचलो तोवर त्याच्यावरची माती सुकली होती. मी सुट्टीला यायचो तेव्हा अकेयो माझ्याशी पाहुण्याशी बोलावं तसं बोलायची. एकदा तिनं आवुओरला विचारलं, हे जेवून जाणार की राहणार. सगळे हसले. मी परतीच्या बसमध्ये नाकुरूपर्यंत खिडकीकडे तोंड करून होतो.

आता ती संध्याकाळी गृहपाठ माझ्यासमोर ठेवते. मी चुका शोधतो, ती चिडते. ओमोलो, मला ते सोडवत नाही.

आवुओरला खरं सांगितलं असतं तर ती त्याच दिवशी गाठोडं बांधून निघाली असती. ती रोज विचारायची, आपण कधी जाणार, अपियो अडली असेल. एका संध्याकाळी मी म्हणून टाकलं की ओमोलो बाहेर पडला. पुढचे प्रश्न आले तशी उत्तरं देत गेलो. घर उभं राहिलं, दार लागलं. ती इतकी आनंदली की मला ते मोडता आलं नाही.

तिला कळवू नकोस, ही विनंती. आणि तुझ्यासाठी हे, बाबांना वाचून दाखव:

मी, ओलुओच, थोरला मुलगा, माझा भाऊ ओमोलो याला मला ओलांडून घर बाहेर काढायची परवानगी देतो. यापुढे पेरणीला अपियोनं आधी बी टाकावं, आवुओरनं नंतर. मडक्याभोवती ओमोलो माझ्या वर बसेल. माझी थोरली जागा त्याची.

हे लिहायला मला फार वेळ लागला. तू हलकं समजू नकोस.

ओलुओच

*

उगुंजा
५ एप्रिल १९८७

दादा,

आधी वहिनीचं. तिला मी उत्तर लिहिलं. घर चांगलं आहे म्हणून लिहिलं. दार नदीकडे नाही, पूर्वेकडे केलं, दादाची ऐकण्यात चूक झाली, एवढी दुरुस्ती केली. खोटंच लिहायचं तर निदान बांधकाम तरी बरोबर असू दे. लिहून झाल्यावर पेन ठेवलं आणि हात धुतले. तुझं खोटं एकट्याचं होतं, आता त्यात माझ्याही विटा लागल्या.

मग तुझी परवानगी बाबांना वाचून दाखवली. ते अंगणात बसले होते. मी दोनदा वाचली. ते म्हणाले:

"वाट सोडायला माणूस वाटेवर उभा असावा लागतो. हा उभा आहे कुठं?"

मी म्हटलं, तो वडीलकी सोडतोय बाबा, स्वतःच्या हातानं लिहून दिलंय. ते म्हणाले, वडीलकी म्हणजे त्याचा कोट आहे का, गरम झालं की काढून धाकट्याच्या अंगावर घालायला? मी त्याला थोरला केला नाही आणि तोही स्वतःला धाकटा करू शकत नाही. मी याच्यापुढे चालणार नाही. तुला एकट्यानं जायचं तर जा, कुऱ्हाड तिथं आहे.

दादा, मी कुऱ्हाडीकडे बघितलं. खरंच बघितलं. वासे होते, माणसं बोलावली असती तर आली असती. अपियो दारात उभी होती, तिच्या हातात विस्तवाचं खापर नव्हतं, पण तिनं ते आणायला किती वेळ लागला असता. आजूबाजूला कुणी काही म्हटलं नसतं. पण पुढे बाबा नसतील तर ते घर बाहेर काढणं नाही, ते पळून जाणं झालं. आणि उद्या तुझ्या एखाद्या मुलाला साधा खोकला झाला तरी मला वाटलं असतं, हे मी रीत मोडल्यामुळे. मी कुऱ्हाड जागेवरच राहू दिली.

आता ऐक. वहिनीचा निरोप आलाय, ओकेच काकांच्या जावयाकडून. शाळेला सुट्टी लागली की मुलांना घेऊन येते, घर बघायला. तू तिला अजून काही सांगितलं नाहीस हे त्यावरून कळलं.

तिला तू सांग. माझ्या तोंडून ऐकायला लावू नकोस. ती इथं येऊन मोकळ्या जागेवर उभी राहील तेव्हा मी कुठं बघू?

ओमोलो

*

नैरोबी
१० एप्रिल १९८७

ओमोलो,

ती निघाली. हे पत्र तिच्या मागून पोचेल हे मला ठाऊक आहे. बस पत्रापेक्षा आधी पोचते. तरी लिहितो. तिला सांगणं जमलं नाही, निदान तुला तरी लिहावं म्हणून.

तुझं पत्र बुधवारी आलं. बुधवारी मी ठरवलं, जेवणानंतर सांगू. जेवणात तिनं ओमेना मासळीची आमटी केली होती, अपियोकडून शिकलेली, आणि ती अपियोबद्दलच बोलत होती. गुरुवारी तिनं तुमच्या घरासाठी दोन कप आणि एक चहाची किटली आणली. कागदात गुंडाळताना मला विचारलं, रंग जुळेल ना निळ्या दाराशी. मी म्हटलं जुळेल.

आज मचाकोसच्या तळावर बस भरायला उशीर होता. मी तिच्या शेजारी गाठोड्यावर बसलो. फेरीवाले येत-जात होते. तिनं माझ्या सदऱ्याचं बटण लावून दिलं आणि म्हणाली, इतके गप्प का, आम्ही तीन आठवड्यांनी येऊच की. तेव्हा सांगायचं होतं. शब्द जुळलेले होते, ओळ पूर्ण होती. मी तिला म्हटलं, खिडकीशी बस, ओपोन्डोला उलटी होते.

बस गेली. मी रिकाम्या तळावर उभा राहिलो. मग छापखान्यात आलो. एका मुलानं एक अक्षर उलटं बसवलं होतं. मी त्याच्यावर इतका ओरडलो की सगळ्यांची यंत्रं थांबली.

मला माफ कर, म्हणायचा हक्क नाही. पण तिच्याकडे बघ.

ओलुओच

*

उगुंजा
१४ एप्रिल १९८७
(बसच्या कंडक्टरच्या हाती)

दादा,

हे पोस्टात टाकत नाही. कंडक्टर तुला छापखान्याच्या दारात देईल. वाच आणि लगेच नीघ.

वहिनी शनिवारी उतरली. किटलीचं पुडकं पोटाशी धरलेलं. मुलं धावत पुढे आली. अवीती ओरडत होती, काकाचं घर कुठंय. वहिनीनं आधी बाबांना नमस्कार करून मग सरळ अपियोला विचारलं, चल, दाखव.

अपियो तिला हात धरून आमच्या झोपडीत घेऊन गेली. चटया दाखवल्या, कुठं कोण झोपतं ते दाखवलं. मग बाहेर आणून तुझ्यासाठी ठरलेली जागा दाखवली, तिथं गवत गुडघाभर आहे. मग माझी. ती एक शब्द जास्त बोलली नाही, एक कमी नाही. मी गोठ्यामागे उभा होतो. मोठा माणूस, चार मुलांचा बाप, गोठ्यामागे.

वहिनी रडली नाही. किटली अपियोच्या हातात दिली आणि म्हणाली, ही घरासाठी आणली होती, घर होईपर्यंत तुझ्याजवळ ठेव. मग बाबांसमोर जमिनीवर बसली. म्हणाली, बाबा, मला माहीत नव्हतं. बाबा म्हणाले, तुझ्या येण्यावरून कळलं. एवढंच.

ती दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याकडून विळा घेऊन तुझ्या जागेवरचं गवत कापायला गेली. अपियोही गेली. संध्याकाळपर्यंत जागा मोकळी झाली.

बाबांनी पंचवीस तारखेचा शनिवार धरलाय. ते म्हणतात, तो आला तर त्याच्या पुढे चालेन. नाही आला तरी मी त्या दिवशी कपडे घालून बसेन, मग गाव बघेल. मी विचारलं, तुमचे गुडघे? ते म्हणाले, गुडघ्यांना कुणी परवानगी विचारलीय.

नवे वासे मी कापलेत. अकेयोच्या शाळेची तुला काळजी वाटते, ते ठीक. पण तिलाही वहिनीनं इथं आणलंय. सगळे इथंच आहेत. आता तूच तेवढा तिकडे.

ओमोलो

*

नैरोबी
३ मे १९८७

प्रिय ओमोलो,

त्या दिवसाचं तुला सांगायला नको. तू माझ्या छपरावर होतास. बाबा फाटकापासून जागेपर्यंत चालले ते मी त्यांच्या मागून बघितलं. मध्ये दोनदा थांबले, मी आधार द्यायला हात पुढे केला, त्यांनी काठीनं बाजूला केला. घर उभं राहिलं, आवुओरनं चूल पेटवली, सगळं रीतीनं झालं. तू बांधलेली भिंत मी हातानं तपासली. ओळंब्यात आहे.

पण आतलं सांगतो, ते तू बघितलं नाहीस. तिनं माझ्यापुढे मक्याची उगाली ठेवली, पाणी ठेवलं, जे करायचं ते सगळं केलं. मी सांगायला तोंड उघडलं. पाहुण्यासारखं वाटायचं ते, ओपोन्डोच्या पाठच्याचं, सगळं. ती ऐकत राहिली. मी संपवलं तेव्हा तिनं ताट उचललं आणि विचारलं, आणखी हवंय का. कशाबद्दल विचारलं ते मला अजून कळलेलं नाही.

अकेयोची परीक्षा आहे म्हणून ती माझ्याबरोबर आली. दोघंच आहोत. ती स्वयंपाक करते, चांगला करते. गृहपाठ दाखवते. मात्र चुका काढल्या तर आता चिडत नाही. म्हणते, बरं.

मी आवुओरला दोन पत्रं पाठवली. तिला विचार, मिळाली का. नको, विचारू नकोस.

तुझ्या दिवसाला मी येऊ शकणार नाही. रजा खरोखर संपली आहे. तू हे खरं मानशील की नाही, मला माहीत नाही. मानू नयेस असंच मी वागलो आहे.

तुझा भाऊ,
ओलुओच

*

उगुंजा
१४ जून १९८७

अकेयोच्या बाबांस,

तुमची पत्रं मिळाली. दोन नव्हे, चार. उत्तर द्यायला एक बातमी असावी म्हणून थांबले होते. आता आहे.

भाऊजींचं घर काल उभं राहिलं. बाबा पुढे चालले. आदल्या दिवशी त्यांच्यानं उठवत नव्हतं, म्हणून ओकेच काका म्हणाले मी चालतो त्यांच्या जागी, काका चालला तरी रीत मोडत नाही. बाबांनी ऐकलं नाही. सकाळी उठले, तुम्ही नैरोबीहून पाठवलेला कोट घातला आणि फाटकातून निघाले. वाटेत त्यांना बसावं लागलं. सगळं गाव उभं राहून थांबलं. कुणी घाई केली नाही. पुन्हा उठले. जागेवर पोचले तेव्हा भाऊजी रडत होते, कुऱ्हाड खांद्यावर, आणि अपियोनं विस्तवाचं खापर दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं. मी तिच्या शेजारून चालले.

बाबा आज पडून आहेत, पण बोलतात. म्हणतात, काम झालं.

आता तुमच्या पत्रांबद्दल. चारही पत्रांत तुम्ही एकच विचारलंय, कधी परत येशील. माफी चार वेळा मागितलीत. कारणं फार छान लिहिलीत, वाचताना मला तुमची दया आली. बारा वर्षं तुम्ही एकटे होतात हे मला माहीत नव्हतं असं नाही. बारा वर्षं मी पण एकटीच होते. ते तुम्ही कुठल्याच पत्रात लिहिलेलं नाही.

तुम्हाला भीती होती की मी इथं राहीन. मागच्या वर्षी ऑगस्टात तुम्ही मला खरं सांगितलं असतंत तर मी आले असते, घर बाहेर काढलं असतं, एका पिकापुरती चूल राखली असती आणि मका पोत्यात भरून तुमच्याकडे परत आले असते. मनात दुसरा विचारही आला नसता. मला तिथं आवडलं होतं. नळसुद्धा. खालच्या बाईचं छत ठोकणंसुद्धा.

आता मनात दुसरा विचार येतो. रोज येतो, भांडी घासताना, अपियोच्या शेतात निंदताना. तो तुम्ही घातलात.

ओपोन्डोचं नाव इथल्या शाळेत घातलंय. अवीती बरी आहे. आम्ही उशिरा पेरलं, तरी मका खांद्याएवढा झालाय. अकेयोला सांगा परीक्षा नीट दे, आणि तिला जेवायला बाहेरचं आणत जा अधूनमधून, पोर आहे ती.

मका निघेल तेव्हा काय ठरलं ते कळवीन. तोवर मला विचारू नका. विचारायची वेळ मागच्या वर्षी होती.

आवुओर